‘मागची नोकरी का सोडली?’ आणि मी सोडली नव्हती

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी. बोलताना जे अडखळलो ते थोडं नीट केलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.)



आजचा भाग फर्दापूरहून. मागे मधूनच एसटीचा हॉर्न ऐकू येईल, सांभाळून घ्या. आज सोमवार आहे. सोमवारी अजिंठा लेणी बंद असतात, त्यामुळे गावही निवांत आहे. आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, पर्यटकांसाठी दगडांचं छोटं दुकान आहे. गारगोट्या, स्फटिक, फोडल्यावर आत जांभळे खडे दिसतात ते दगड. तेही आज बंद. म्हणून ते घरी आहेत आणि मी त्यांची परवानगी घेऊन हा भाग रेकॉर्ड करतोय. परवानगी का लागली ते पुढे कळेल.

गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. ‘दादा, मला कंपनीने काढलंय. आता नवीन इंटरव्ह्यूत काय सांगू?’

मी उत्तर टाळत होतो. कारण त्याचं खरं उत्तर द्यायचं तर मला माझी गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती मी इथे कधीच सांगितली नव्हती. तर आज सांगतो. मलाही काढलं होतं. मंदीत नाही, प्रोजेक्ट बंद पडला म्हणून नाही. माझ्या चुकीमुळे.

काय झालं होतं

२०१९ ला बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली. दोन वर्षांनी दुसरी कंपनी. नाव घेणार नाही, गरजही नाही. आम्ही पैशांच्या व्यवहारांचा हिशेब जुळवणारं सॉफ्टवेअर सांभाळायचो. नियम साधा होता: प्रॉडक्शनच्या डेटाबेसला थेट हात लावायचा नाही. बदल लिहायचा, दुसऱ्याने तपासायचा, मग तो पुढे जायचा. माझ्याकडे अडीअडचणीसाठी थेट प्रवेश होता. तो मी एकदा घाईत वापरला होता आणि त्याबद्दल मला लेखी ताकीदही मिळाली होती.

ऑगस्ट २०२३. गुरुवारची रात्र. क्लायंटचा रिपोर्ट अडकला होता. मला वाटलं, दोन ओळींचं काम आहे, उगाच कुणाला उठवायचं? मी थेट अपडेट क्वेरी चालवली आणि तिच्यातली अट अर्धीच लिहिली. आपल्या नॉन-टेक मंडळींसाठी सांगतो: एका घराची पाटी बदलायची होती, मी अख्ख्या गल्लीच्या पाट्या बदलल्या. चार हजारांच्या वर नोंदींची स्थिती बदलली.

इथपर्यंत ती चूक होती. पुढचं मी जे केलं, ती चूक नव्हती. मी तीन तास कुणालाच सांगितलं नाही. गुपचूप हाताने दुरुस्त करत बसलो. तेवढ्यात चुकीचा रिपोर्ट क्लायंटकडे गेला. सकाळी टीमने बॅकअपवरून सगळं परत आणलं, कुणाचा पैसा बुडाला नाही. पण लॉगमध्ये सगळं होतं. कोणी, किती वाजता, काय चालवलं.

आपल्या लेण्यांमध्ये क्रमांक १० च्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ मध्ये आपलं नाव आणि तारीख चित्रावर ओरखडून ठेवलीय. दोनशे वर्षं झाली, गाईड लोक अजून बॅटरी मारून दाखवतात. ऑडिट लॉग तसाच असतो बघा.

सोमवारी मला मीटिंगला बोलावलं. वीस मिनिटं. लॅपटॉप तिथेच ठेवून बाहेर. हातात पत्र, पत्रात शब्द होता ‘टर्मिनेशन’.

मी काय खोटं बोललो

मी घरी आलो आणि आई-अण्णांना सांगितलं, ‘वर्क फ्रॉम होम मिळालंय.’ रोज सकाळी दहाला माडीवर जाऊन लॅपटॉप उघडायचो. तो माझा स्वतःचा जुना लॅपटॉप होता, हे त्यांना कसं कळणार? आई दुपारी चहा आणून द्यायची आणि दार हळूच लावून घ्यायची, मीटिंग चालू असेल म्हणून. तो चहा अजून आठवतो.

इंटरव्ह्यू सुरू केले. प्रत्येक ठिकाणी तो प्रश्न येणारच, ‘रिझन फॉर लिव्हिंग?’ मी एक उत्तर पाठ केलं: वडील आजारी होते, गावी यावं लागलं म्हणून राजीनामा दिला.

आता कळलं ना परवानगी का घेतली?

उत्तर चाललं. फारच छान चाललं. समोरच्याचा आवाज मऊ व्हायचा, पुढचा प्रश्न यायचा नाही. ऑक्टोबरात एका कंपनीची ऑफरही आली. आधीपेक्षा पगार जास्त. मी आईला पेढे आणून दिले, म्हणालो कंपनी बदलतोय. मग त्यांचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन सुरू झालं. दिवाळीच्या तोंडावर मेल आला. दिलेल्या माहितीत तफावत आढळली, ऑफर मागे घेत आहोत. चार ओळी.

त्यांनी मला चूक केली म्हणून नाकारलं नाही, हे लक्षात घ्या. चूक त्यांना माहीतच नव्हती. खोटं बोललो म्हणून नाकारलं. एका डागाचे मी दोन करून घेतले.

त्या संध्याकाळी अण्णांना सगळं सांगितलं. आधी नोकरी गेल्याचं, मग त्यांच्या आजाराचं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘म्हणजे मी तीन महिने आजारी हाय अन् मलाच पत्ता नाही?’ आई हसली, मग रडली. मीही.

दुसऱ्या दिवशी मला दुकानावर घेऊन गेले. एक गिऱ्हाईक आलं, चांगला मोठा दगड हातात घेतला. अण्णांनी स्वतःहून तो फिरवून दाखवला, ‘साहेब, इथं टवका उडालाय बघा. म्हणून हा एवढ्याला. बिनटवक्याचा पाहिजे तर हा, पण महाग पडेल.’ त्या माणसाने टवक्याचाच घेतला. तो गेल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, ‘खोट आपण दाखवली तर ती खोट असते. त्यानं शोधली तर फसवणूक होती.’

माझ्या सगळ्या करिअर गायडन्सची किंमत त्या एका वाक्यापुढे शून्य आहे.

आधी हे तपासा: तुमच्या बाबतीत नक्की झालं काय?

आपण सगळ्यालाच ‘काढलं’ म्हणतो. पण प्रकार वेगळे आहेत, आणि उत्तरही वेगळं.

एक, लेऑफ. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करणार असं जाहीर केलं, ते आठवत असेल. पुण्यात त्यावर आंदोलनंही झाली. यात तुमची वैयक्तिक चूक नसते. एका वाक्यात सांगा, ‘कंपनीने मनुष्यबळ कमी केलं, त्यात माझं पद गेलं.’ लाजायचं काहीच नाही, लांबण लावायचं पण नाही.

दोन, ट्रेनिंग किंवा प्रोबेशनमध्ये थांबवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर कॅम्पसमधून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना बाहेर पडावं लागलं. अंतर्गत परीक्षा तीन प्रयत्नांत पास झाली नाही, हे कंपनीचं कारण. पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्यावर केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. कोण बरोबर हा आजचा विषय नाही. पण त्या मुलांनी इंटरव्ह्यूत काय सांगावं? ‘अंतर्गत परीक्षा पास झालो नाही, त्यानंतर अमुक शिकलो, हे बघा काम.’ बस.

तीन, राजीनामा द्यायला लावला. इथे कागदावर राजीनामाच आहे, त्यामुळे ‘मी राजीनामा दिला’ हे खोटं नाही. पण पुढे ‘का?’ विचारलं तर गोष्ट रचू नका. ‘कामगिरीबद्दलच्या अपेक्षा जुळल्या नाहीत, म्हणून वेगळं व्हायचं ठरलं’ एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे.

चार, माझ्यासारखं. नियम मोडला म्हणून काढलं. २०२२ मध्ये विप्रोचे रिषद प्रेमजी यांनी सांगितलं होतं की प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी एकाच वेळी काम करणारे तीनशे लोक सापडले आणि त्यांना काढलं. हे या प्रकारात येतं. इथे पळवाट नाही. आपली बाजू नीट मांडायला शिकणं एवढाच रस्ता आहे. आरोप गंभीर असेल, पोलीस किंवा कोर्टापर्यंत गेलेला असेल, तर मात्र माझा पॉडकास्ट नका ऐकू, वकिलाकडे जा.

त्यांना काय काय दिसतं

बऱ्याच जणांना वाटतं, कोण विचारायला जातंय? जातात. व्हेरिफिकेशन करणारी संस्था मागच्या एचआरला मेल करते. कधीपासून कधीपर्यंत होता, पद काय, कधी कधी पगार, सोडण्याचं कारण, आणि ‘परत घ्याल का?’ बऱ्याच कंपन्या फक्त तारखा आणि पद कळवतात. काही सगळं कळवतात. तुमची कंपनी कोणत्या गटातली आहे, हे तुम्ही एक साधा मेल टाकून विचारू शकता: ‘माझ्याबद्दल चौकशी आली तर आपण काय कळवता?’ मी विचारलं होतं. दोन दिवसांत उत्तर आलं. ते आधी विचारलं असतं तर ती ऑफर गेली नसती.

शिवाय पीएफ. तुमच्या यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीत प्रत्येक नोकरीची सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. उमंग अ‍ॅपवर स्वतः उघडून बघा. शेवटची तारीख कंपनीने भरली नसेल तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः भरू शकता. आणि फॉर्म २६एएसमध्ये तुमचा टीडीएस कोणी कापला ते दिसतं. म्हणजे ती अख्खी नोकरीच सीव्हीतून गाळून टाकू, ही आयडियाही सोडा.

कागद जमा करा. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, आणि काढल्याचं पत्र. हो, तेही. फाडून टाकू नका, त्यात नेमकं काय लिहिलंय ते शांतपणे वाचा. कंपनीने पत्रात एक कारण लिहिलंय आणि तुम्ही इंटरव्ह्यूत दुसरंच सांगताय, असं व्हायला नको. आणि हिशेबाचे पैसे राहिले असतील तर मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यातल्या वेतन संहितेत राजीनामा असो की काढलेलं असो, शेवटचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायची तरतूद आहे. चूक केली म्हणून केलेल्या कामाचे पैसे बुडत नाहीत.

मी काय सांगायला लागलो

सीव्हीवर ‘काढलं’ असं लिहायची गरज नाही. सीव्हीवर तारखा खऱ्या ठेवा, पुरे. फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असेल, ‘तुम्हाला कधी कामावरून काढलं आहे का?’, तर ‘हो’. तिथे वेगळं लिहिलंत तर नोकरी लागल्यावर दोन वर्षांनीही ते अंगाशी येऊ शकतं.

आणि एचआरच्या पहिल्या कॉलवर, त्यांनी विचारलं की लगेच सांगायचं. शेवटच्या राउंडपर्यंत दडवून नाही. माझं उत्तर असं होतं:

‘ऑगस्ट २०२३ मध्ये मला मागच्या कंपनीने काढलं. मी परवानगीशिवाय प्रॉडक्शन डेटाबेसवर थेट बदल केला, त्यात चूक झाली, आणि मी ती तीन तास कुणाला सांगितली नाही. डेटा बॅकअपवरून परत आला, पण विश्वास गेला, आणि त्यांचा निर्णय मला मान्य आहे. तेव्हापासून मी डेटाबेसचे बदल सुरक्षितपणे कसे करायचे यावर काम केलंय, ते दाखवू शकतो.’

चाळीस सेकंद. त्यात तीन गोष्टी आहेत. काय झालं. त्यात माझं किती. त्यानंतर मी काय बदललं. आणि मग सगळ्यात अवघड गोष्ट, गप्प बसायचं. समोर शांतता पसरते, आपल्याला वाटतं अजून काहीतरी बोलावं. ‘खरं तर मॅनेजरने पण...’ नको. तिथे थांबा. मॅनेजर कसाही असो, त्याची बाजू मांडायला तो तिथे नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, उद्या हा माझ्याबद्दलही असंच बोलेल.

तिसरा भाग पोकळ नको. ‘मी खूप काही शिकलो’ म्हणजे काहीच नाही. मी माडीवर बसून एक नमुना प्रोजेक्ट केला. आधी किती नोंदी बदलणार ते मोजायचं, मग ट्रान्झॅक्शनमध्ये बदल चालवायचा, आकडा जुळला नाही तर मागे फिरायचं. तो दाखवायचो.

खरं बोलल्यावर काय झालं

आता इथे मी गोड गोड बोलणार नाही. पहिल्या दोन ठिकाणी हे ऐकून कॉल पाच मिनिटांत संपला. तिसऱ्या ठिकाणी तांत्रिक राउंड छान झाला, नंतर नकार. प्रत्येक वेळी वाटायचं, तो वडिलांच्या आजाराचा डायलॉगच बरा होता. गावात लोक विचारायचे, ‘काय रे, सुट्टी संपली नाही का अजून?’ मी म्हणायला लागलो, ‘नोकरी गेली काका, शोधतोय.’ गंमत म्हणजे एकदा म्हटल्यावर कुणी परत विचारलं नाही.

एप्रिल २०२४ मध्ये एका छोट्या कंपनीत बोलणं झालं. माझं उत्तर ऐकून त्या मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, ‘समजा इथे पुन्हा तसंच झालं. पहिल्या दहा मिनिटांत काय कराल?’

मी म्हणालो, ‘पहिल्या मिनिटाला टीमला कळवेन की माझ्याकडून चूक झालीय. काय चालवलं ते जसंच्या तसं पाठवेन. मग कुणीतरी सोबत असेल तरच दुरुस्तीला हात लावेन.’

त्यावर अर्धा तास आम्ही फक्त त्याच रात्रीबद्दल बोललो. कुठला लॉग, कुठला बॅकअप, अलर्ट का वाजला नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी रात्र, आणि तीच माझा सगळ्यात चांगला तांत्रिक राउंड ठरली. पगार आधीपेक्षा कमी होता. पहिले सहा महिने मला प्रॉडक्शनचा प्रवेश नव्हता, आणि ते मला योग्य वाटलं. मेमध्ये रुजू झालो. पावणेदोन वर्षं झाली, अजून तिथेच आहे.

व्हेरिफिकेशनचा मेल आला तेव्हा मी जेवत होतो. पहिल्यांदाच जेवण सोडून उठलो नाही.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूने

आता कधी कधी मीच इंटरव्ह्यू घेतो. मागच्या महिन्यात एक मुलगा होता. सीव्हीत सात महिन्यांची गॅप. मी विचारलं. तो म्हणाला, ‘सर, घरी आई आजारी होती.’ आवाजात तेच होतं, जे माझ्या आवाजात असायचं.

खरंच आजारी असतील त्या. मला माहीत नाही, आणि मी संशय घेऊन कुणाला नापास करणार नाही. म्हणून मी एवढंच म्हणालो, ‘ठीक आहे. एक सांगू का? आमच्याकडे व्हेरिफिकेशन होतं. काही वेगळं सांगायचं असेल तर आत्ता सांगितलं तर माझ्या हातात काहीतरी असेल. नंतर नसेल.’ तो खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘सर, मी परत पहिल्यापासून सांगू का?’

त्याचं पुढे काय झालं ते सांगणार नाही, ती त्याची गोष्ट आहे. पण मला तेव्हा वाटलं, त्या ऑक्टोबरात मलाही कुणी असं विचारायला हवं होतं.

तर ज्यांनी ज्यांनी मेसेज केले होते, त्यांच्यासाठी एक काम. तुमची ती चाळीस सेकंदं वहीत लिहा. मग घरातल्या एका माणसाला मोठ्याने म्हणून दाखवा. आरशाला नाही, माणसाला. ज्याच्यापासून लपवलंय त्यालाच दाखवलंत तर उत्तम. तिथे जमलं की एचआर काय, कुणासमोरही जमतं.

अण्णा आत्ता शेजारीच बसलेत, म्हणतायत सांग त्यांना की माझी तब्येत ठणठणीत हाय. सांगितलं.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.